टॉवर की वाडी?

वरळीच्या बीडीडी चाळीत 160 चौरस फुटांची खोली आणि मजल्यावर सामायिक संडास. पुनर्विकासात त्याच कुटुंबाला 500 चौरस फुटांचा, मालकीचा फ्लॅट. सकाळी बादली घेऊन रांगेत उभं राहिलेल्यांना चाळसंस्कृतीचे गोडवे कुणी ऐकवू नयेत. सामायिक गॅलरी गेली, मेन्टेनन्सचं बिल आलं, हे खरं. तरी इथे माझं मत टॉवरलाच.

गिरगावातल्या खोताच्या वाडीचं गणित वेगळं. लाकडी व्हरांड्यांची बैठी-दुमजली घरं, बाहेरून चढणारे जिने, अरुंद गल्ली. मध्येच उंच इमारत आली तर एक घर जातंच, शेजाऱ्यांचा उजेडही जातो. इथे वाडीच राहू द्यावी. पण वाळवी लागलेल्या तुळया बदलायचा खर्च एकट्या घरमालकाच्या गळ्यात मारला, तर तो बिल्डरलाच फोन करणार!