जॅक सैल होता, पैसे ट्रान्सफॉर्मरचे घेतले

इंदूरमध्ये माझ्या सत्तरच्या दशकातल्या फेंडर डिलक्स रिव्हर्ब या गिटारच्या ट्यूब ॲम्पच्या (व्हॅक्यूम ट्यूबवर चालणाऱ्या ध्वनिवर्धकाच्या) दुरुस्तीत माझे 21,500 रुपये गेले आणि त्याचा मूळ आउटपुट ट्रान्सफॉर्मर, म्हणजे ट्यूबकडचा आवाज स्पीकरला पोचवणारा भागही गेला. दोष एवढाच होता की वाजवताना आवाज खरखरत तुटायचा आणि मागचा स्पीकरचा प्लग हलवला की परत यायचा.

दुरुस्ती करणाऱ्या गृहस्थांनी ॲम्प उघडताच ट्रान्सफॉर्मर जळाल्याचा निकाल दिला: नव्याचे 18,000, मजुरीचे 3,500 आणि त्यांतले 10,000 आगाऊ. त्यांनी सांगितलेले कारण शास्त्राला धरून होते, हे मुद्दाम नोंदवतो. ट्यूब ॲम्प स्पीकर न जोडता वाजवला तर ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीत (ट्यूबकडच्या तारेच्या गुंडाळीत) व्होल्टेज उसळून इन्सुलेशन फुटू शकते, आणि म्हणूनच फेंडरच्या मुख्य स्पीकर जॅकमध्ये (प्लग बसतो त्या खोबणीत) प्लग काढताच आउटपुटची दोन टोके जोडणारी, म्हणजे शॉर्ट करणारी पत्ती असते. खऱ्या माहितीच्या आडून खोटे निदान गळी उतरवले गेले. माझ्या जागी कोणीही विश्वास ठेवला असता.

मात्र एक क्षण अजून जाळतो. त्यांनी माझ्या देखत प्लग बोटाने दाबून धरला आणि ॲम्प भरदार, स्वच्छ वाजला. बोटाच्या दाबाने जळालेला ट्रान्सफॉर्मर बरा होत नाही, सैल जॅकच तेवढा बरा होतो! ॲम्प तिथेच उचलायला हवा होता. मी मीटरवरचे रीडिंग मागितले, तर 'हे मीटरवर कळत नाही' असे सांगून मला गप्प केले. तुटलेली वाइंडिंग (तारेची गुंडाळी) साध्या मल्टिमीटरवर कळते, आणि 8 ओहमचा स्पीकर सुटा करून मोजला तर 6 ते 7 ओहम दाखवतो. एवढे तुमच्यासमोर मोजायला जो तयार नसेल, त्याच्याकडे ॲम्प ठेवू नका. घरी स्वतः मात्र चॅसिस (आतले भाग बसवलेला धातूचा सांगाडा) उघडू नका. बंद ॲम्पच्या कपॅसिटरमध्येही 400 व्होल्टच्या आसपास दाब साठून राहू शकतो.

ॲम्प परत आला तो खर्जात पोकळ वाजू लागला. एका जाणकार स्नेह्याने उघडून पाहिले, तेव्हा बसवलेल्या ट्रान्सफॉर्मरवर कसलाही शिक्का नव्हता, आणि जॅकची फक्त पत्ती वाकवून साफ केलेली होती. नवा जॅक काही शे रुपयांत येतो. तो शॉर्टिंग प्रकारचाच घ्यावा. जुना काढलेला भाग त्याच दिवशी ताब्यात घ्या. माझा 'भंगारात गेला' असे ऐकवण्यात आले.

पोलीस ठाण्यात 'हा दिवाणी मामला आहे, बिल आणा' म्हणाले. बिल न देणे हीच तर फसवणुकीची पहिली पायरी, हे त्यांना कोणी सांगायचे? यूपीआयच्या पावत्या दाखवल्या, तर त्या कशाच्या हे सिद्ध करा म्हणाले. हेल्पलाइनवरची तक्रार मला एकही फोन न करता 'निराकरण झाले' अशा शेऱ्यासह बंद झाली. कोणाचे निराकरण? पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क लागत नाही आणि मुदत दोन वर्षांची असते, हेही एकाही खिडकीवर सांगितले गेले नाही; ते मी स्वतः शोधून काढले आणि आता तिथे अर्ज करतो आहे.

माझ्या मूळ ट्रान्सफॉर्मरवर 606 ने सुरू होणारा क्रमांक आहे. फेंडरला ट्रान्सफॉर्मर पुरवणाऱ्या शूमाकर कंपनीचा तो संकेतांक. इंदूर, देवास किंवा उज्जैनमध्ये असा सुटा ट्रान्सफॉर्मर कोणी विकायला आणला, तर तो कोणत्या ॲम्पमधून निघाला हे आधी विचारा.