सॉकेट रिकामं, तरी 'रीड ओके'

मायक्रोकंट्रोलर शिकायला नुकतीच सुरुवात केलेल्यांसाठी हे लिहितोय. पहिला प्रोग्रामर, म्हणजे कॉम्प्युटरवरून चिपमध्ये प्रोग्राम भरायचं उपकरण, घेताना मी फसलो. पैसे गेले त्याचं दुःख आहेच, पण दोन महिने मी 'आपल्यालाच जमत नाही' असं समजत राहिलो, ते जास्त लागलं.

जाहिरातीत 'यूएसबी प्रोग्रामर, सगळ्या पिक चिपना चालतो, नवशिक्यांसाठी उत्तम' असं लिहिलं होतं. माझ्याकडे पिक या मायक्रोकंट्रोलर मालिकेतली १६एफ८४ए होती, कारण जुन्या धड्यांत बहुतेक तीच असते. खोक्यातून निघाला नऊ पिनांचा सीरियल कनेक्टर असलेला छोटासा बोर्ड आणि सोबत एक वेगळा यूएसबी-टू-सीरियल अ‍ॅडॉप्टर. म्हणजे यूएसबी होतं ते फक्त त्या अ‍ॅडॉप्टरपुरतं. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

चिप बसवून रीड केलं, म्हणजे तिच्यात काय आहे ते वाचलं, तर सगळीकडे ३एफएफएफ. ब्लँक चेकचं उत्तर आलं, चिप कोरी आहे. छान वाटलं. मग एलईडी लुकलुकवायचा साधा प्रोग्राम टाकायला गेलो, तर पहिल्याच अ‍ॅड्रेसवर व्हेरिफाय एरर, म्हणजे लिहिलेलं आणि परत वाचलेलं जुळत नव्हतं. विक्रेत्याला फोन केला. "सर, रीड होतंय ना? मग प्रोग्रामर ओके आहे. तुमची चिप उडालीय, हाताच्या स्टॅटिकनं जाते." मला ते पटलं. त्याच्याकडूनच आणखी तीन चिप मागवल्या. तिन्हींचं तेच झालं. मग तो म्हणाला, प्रोग्रामरचं फर्मवेअर (त्याच्या आतल्या आयसीतला प्रोग्राम) जुनं आहे, अपडेट घ्यावं लागेल. त्याचे वेगळे पैसे घेऊन त्यानं एक फाइल पाठवली. ती चालवली की एक पट्टी हळूहळू भरत जायची आणि शेवटी 'अपडेट यशस्वी' असं यायचं. व्हेरिफाय एरर मात्र जागच्या जागी.

शेवटी एका जाणत्या मित्राला बोलावलं. त्यानं माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आधी चिप काढ. आता रीड कर बघू."

रिकाम्या सॉकेटमधूनही ३एफएफएफच आलं. ब्लँक चेकही पास.

हे का होतं ते नीट समजून घ्या, कारण माझी सगळी फसवणूक यावरच उभी होती. या चिपमधला प्रोग्रामचा प्रत्येक शब्द १४ बिटांचा असतो आणि कोऱ्या फ्लॅश मेमरीत सगळे बिट १ असतात, हेक्समध्ये ३एफएफएफ. म्हणून कोरी चिप ३एफएफएफ दाखवते. आता समोर चिपच नसेल, किंवा असूनही ती प्रोग्रामिंग मोडमध्ये गेलीच नसेल, तर माझ्या बोर्डावर डेटाची लाइन नुसती वर राहायची आणि सॉफ्टवेअर प्रत्येक बिट १ असाच वाचायचं. कोरी चिप आणि रिकामं सॉकेट, पडद्यावर दोन्ही सारखेच. 'रीड होतंय' या शब्दाला काही अर्थच नव्हता.

मग त्यानं बोर्ड उलटसुलट करून दाखवला. दोन ट्रान्झिस्टर, काही डायोड आणि झेनर, कपॅसिटर, रेझिस्टर. एकही आयसी नाही. मग ज्याचे मी पैसे मोजले ते फर्मवेअर कशात गेलं? इथे मला कळलं की विक्रेत्याचा गैरसमज झाला नव्हता, तो जाणूनबुजून खोटं बोलला होता.

मल्टिमीटरनं चिपच्या पिन ४ (एमसीएलआर, म्हणजे रीसेट) आणि पिन ५ (ग्राउंड) मध्ये मोजलं. एमसीएलआरवर प्रोग्रामिंगच्या वेळी साधारण १३ व्होल्ट लागतात. माझ्याकडे साडेनऊच्या वर काटा गेला नाही. १६एफ८४ए मध्ये कमी व्होल्टेजवर प्रोग्राम करायची सोयच नाही. या प्रकारचा बोर्ड लागणारं सगळं व्होल्टेज सीरियल पोर्टच्याच लाइनींमधून उचलतो: कॉम्प्युटरचा ग्राउंड हाच चिपचा व्हीडीडी (पुरवठ्याचं धन टोक), चिपचा ग्राउंड त्याच्या पाच व्होल्ट खाली आणि प्रोग्रामिंगचं व्होल्टेज आठेक व्होल्ट वर. रचना हुशारीची आहे, आणि जुन्या डेस्कटॉपच्या खऱ्या पोर्टवर ती चालतेही. पण पुष्कळ यूएसबी अ‍ॅडॉप्टर अधिक-उणे पाच-सहा व्होल्टच देतात. शिवाय असे बोर्ड कंट्रोलच्या लाइनी एकेक करून हलवतात, ते यूएसबीवरून फार संथ होतं. हे माहीत असलेला माणूस त्या दोन वस्तू एका खोक्यात घालून 'यूएसबी प्रोग्रामर' म्हणून विकत होता.

परत घ्या म्हटलं तर "सील फोडलंय." फर्मवेअर कोणत्या आयसीत जातं, एवढंच विचारलं. त्यानंतर त्यानं माझा फोन उचलला नाही. त्या चारही 'उडालेल्या' चिप मित्राच्या पिककिट २ या यूएसबी प्रोग्रामरवर एका झटक्यात प्रोग्राम झाल्या.

घेण्याआधी बोर्डाचा दोन्ही बाजूंचा स्पष्ट फोटो मागा. खऱ्या यूएसबी प्रोग्रामरवर सहसा स्वतःचा मायक्रोकंट्रोलर असतो: पिककिट २ वर पिक १८एफ२५५० असते, एव्हीआर चिपसाठीच्या यूएसबीएएसपीवर बहुधा एटीमेगा८. पिककिट २ ते जास्तीचं व्होल्टेज यूएसबीच्या पाच व्होल्टमधून स्वतः तयार करतो. अजून कोणती चिप शिकायची ते ठरलं नसेल, तर माझ्या मते एव्हीआर ही दुसरी मायक्रोकंट्रोलर मालिका आणि तिचा यूएसबीएएसपी प्रोग्रामर नवशिक्याला सोपं पडतं. तिथे नेहमीच्या प्रोग्रामिंगला १३ व्होल्टची भानगड नाही, आणि एव्हीआरड्यूड हे प्रोग्राम भरायचं सॉफ्टवेअर आधी चिपची सिग्नेचर (ओळख क्रमांक) वाचतं. एटीमेगा३२८पी असेल तर १ई ९५ ०एफ. चिप नसेल तर ते तिथेच एरर देऊन थांबतं, कोरी आहे असं सांगत नाही. पिक १६एफ८४ए मध्येही २००६ या हेक्स अ‍ॅड्रेसवर डिव्हाइस आयडी असतो. तो वाचून दाखवा असं विक्रेत्याला सांगा.

आणि आत्ता या क्षणी तुमच्यापैकी कुणी व्हेरिफाय एररशी झगडत असेल, तर नवी चिप मागवू नका. आहे ती सॉकेटमधून काढा आणि एकदा रीड करून बघा.