कॉकरच्या मंद ठोक्यांसाठी थिओफिलिन: साडेतीन स्टार

आमची चिंगी कॉकर स्पॅनियल आहे, वय झालंय आता, आणि तिला सिक सायनस सिंड्रोम आहे. म्हणजे हृदयात जिथून ठोके सुरू होतात ती जागाच आळशी झालीये, मधेच काही सेकंद सुट्टी घेते आणि बाईसाहेब चालता चालता धप्पकन आडव्या. बघणाऱ्याला फिटच वाटते, पण फिट येऊन गेल्यावर कुत्रं बहुतेक वेळा बराच वेळ भंजाळलेलं असतं, ही मात्र मिनिटभरात उठून शेपूट हलवत बिस्किट मागते. ईसीजी काढल्यावर सगळा उलगडा झाला.

गोळी म्हणजे थिओफिलिन, हळूहळू विरघळणारी. माणसांचं दम्याचं जुनं औषध, आणि पेसमेकरच्या मानाने खर्च काहीच नाही. डेरिफायलिन नावाने जे मिळतं त्यात इटोफायलिनपण असतं, त्यामुळे मेडिकलवाला कितीही "सेमच आहे हो ताई" म्हणाला तरी चिठ्ठीवरचं नाव वाचूनच घ्या. आणि ती गोळी कुटून द्यायची नाही, नाहीतर १२ तासांचं औषध एकदम अंगात जातं. आमच्याकडे तूप लावलेल्या पोळीत गुंडाळून देतो, मॅडम पोळी खातात, तूप चाटतात आणि गोळी सोफ्याखाली थुंकतात, म्हणून घशाखाली जाईपर्यंत समोर बसून राहायचं.

गोळीच्या आधी अ‍ॅट्रोपिन टेस्ट करून घ्याच. ठोके वाढवणारं इंजेक्शन देतात, अर्ध्या तासाच्या आत परत ईसीजी काढतात, ठोके झटकन १४० च्या पुढे गेले तर गोळ्यांचा उपयोग होण्याची आशा असते. ढिम्म राहिले तर उगाच महिनोन्महिने गोळ्या चारण्यात अर्थ नाही. पोटॅशियम, थायरॉईड आणि आधीची औषधंपण डॉक्टरांना बघायला सांगा, कारण अ‍ॅटेनोलॉलसारख्या गोळीनेच ठोके मंदावलेले असू शकतात.

फरक पडला का, तर हो. पडणं बंद नाही झालं पण खूप कमी झालं, जिना परत चढायला लागली. त्रास म्हणाल तर सुरुवातीला नुसती धापा टाकत घरभर फिरायची, पाणी जास्त, शी-शू जास्त, रात्री २ वाजता दारात उभी. शेवटी चहा-कॉफीतल्या कॅफीनचंच भावंड हे, झोप कशी लागणार! डॉक्टरांना विचारून सकाळी ६ आणि संध्याकाळी ६ केलं, डोस जरा उतरवला, मग बरं झालं. अजून एक, जुलाबासाठी किंवा इन्फेक्शनसाठी एन्रोफ्लॉक्सॅसिन हे अँटिबायोटिक सुरू केलं तर थिओफिलिन रक्तात वाढतं, तेव्हा दुसऱ्या कुठल्या डॉक्टरकडे गेलात तर ही गोळी चालू आहे हे आधी सांगा.

हिने नाही भागलं तर टर्ब्युटालिन आहे, सिलोस्टॅझॉल आहे, डॉक्टर ठरवतील. अमेरिकेतला ९३ कुत्र्यांचा एक अभ्यास २०१६ मध्ये आलाय, त्यात लक्षणं असलेल्यांपैकी साधारण निम्म्यांचं औषधांवर भागलं होतं. पण थर्ड डिग्री ब्लॉक असेल, म्हणजे वरचा ठोका खाली पोचतच नसेल, तर गोळ्यांवर विसंबू नका, तिथे पेसमेकरच. दिल्लीत डिसेंबर २०२० मध्ये खुशी नावाच्या कॉकरला बसवला होता, तिचे ठोके मिनिटाला २० वर आले होते. आपल्याकडे तो खर्च आणि तो सर्जन दोन्ही सहज मिळत नाही, म्हणून बरेच जण गोळीवरच दिवस काढतात, आम्हीपण त्यातलेच.

दीड स्टार कापला तो त्या रात्रींसाठी आणि पडणं पूर्ण थांबत नाही म्हणून. घरी ठोके मोजायचे तर मागच्या मांडीच्या आतून बोटं ठेवा, १५ सेकंद मोजून चारने गुणा, पण जागी आणि शांत असताना, गाढ झोपेत चांगल्या धडधाकट कुत्र्याचेपण ४० पर्यंत उतरतात.