तारण गमावता येतं का? दाविदाला मधे उभं करून बघू

विश्वासणाऱ्याचं तारण, म्हणजे ख्रिस्तावरच्या विश्वासाने मिळालेली पापातून सुटका, जाऊ शकतं का, हा वाद वचनं फेकून मिटत नाही. एकाने योहान 10:28 (‘माझ्या हातातून त्यांना कोणी हिसकावून घेणार नाही’) काढलं की दुसरा इब्री 6 (पडलेल्यांना परत आणणं अशक्य) काढतो, आणि चहा गार होतो. त्यापेक्षा बायबलमधल्या दावीद राजाला मधे उभं करा. बथशेबेशी व्यभिचार, मग तिचा नवरा उरीया याला लढाईच्या तोंडी देऊन त्याचा खून. त्याचं पाप त्याला दाखवायला नाथान संदेष्टा येईपर्यंत मूल जन्माला आलं होतं, म्हणजे पश्चात्तापाविना कित्येक महिने गेले. त्या महिन्यांत दावीद मेला असता तर?

कॅथलिक उत्तर सरळ आहे. त्यांच्या धर्माध्यक्षांच्या ट्रेंटच्या परिषदेने 1547 मध्ये ठरवलं की गंभीर पापाने कृपा जाते, मग विश्वास शिल्लक असो वा नसो. परतीची वाट प्रायश्चित्त संस्कारातून जाते.

जर्मन सुधारक मार्टिन लूथरच्या अनुयायांचं, म्हणजे लूथरनांचं उत्तर ऐकून आपल्याकडचे बरेच प्रोटेस्टंट चकित होतात. ‘केवळ विश्वासाने’ म्हणणाऱ्या लूथरनेच 1537 च्या आपल्या मतांच्या मांडणीत, श्माल्काल्ड लेखांत, दाविदाचं नाव घेऊन लिहिलं, की असं पाप घडतं तेव्हा विश्वास आणि पवित्र आत्मा निघून गेलेले असतात.

दुसरा सुधारक जॉन कॅल्विन याच्या वाटेने जाणाऱ्यांनी नेदरलँड्समधल्या डॉर्टच्या सभेत (1618–19) हाच दावीद आणि सोबत ख्रिस्ताला नाकारणारा पेत्र घेतला, आणि उलट निष्कर्ष काढला. खरा विश्वासणारा भयंकर पडू शकतो, कृपेची जाणीव काही काळ हरवू शकतो. पण देव आपला आत्मा त्याच्यापासून पूर्णपणे काढून घेत नाही, त्याला परत आणतोच. त्यांचा आधार स्तोत्र 51:12. तिथे दावीद तारण नव्हे, तारणाचा आनंद परत मागतो. लूथरन लगेच वरच्या ओळीवर बोट ठेवतात: आत्मा काढून घेऊ नकोस, ही विनवणी धोकाच नसेल तर कशाला?

कॅल्विनवाद्यांशी न पटलेल्या डच आर्मिनियसच्या अनुयायांनी 1610 मध्ये हा मुद्दा अधिक अभ्यासासाठी मोकळा सोडला होता. पुढे मेथडिस्ट चळवळीचा जनक जॉन वेस्लीने मात्र स्पष्ट सांगितलं की विश्वासाचं तारू फुटू शकतं. त्याच्या एका उपदेशातही दावीदच आहे, गच्चीवरच्या नजरेपासून पायरीपायरीने खाली येणारा.

आता इब्री 6:4-6. कॅल्विनवादी म्हणतात, ही माणसं नुसती रुची घेतलेली, नवा जन्म न झालेली. मला हे ओढूनताणून वाटतं. ‘पवित्र आत्म्याचे भागीदार’ याहून जास्त काय म्हणायचं? पण मेथडिस्टांनाही हा उतारा पचत नाही. तिथे पडलेल्यांना पुन्हा पश्चात्तापाकडे आणणं अशक्य म्हटलंय, आणि वेस्लीची मंडळी तर मागे फिरलेल्यांना हाका मारत गावोगाव हिंडली. दोघांनाही तिथे काहीतरी गिळावं लागतं.

‘एकदा तारण, कायमचं तारण’ ही घोषणा म्हणजे डॉर्टचं मत नव्हे, हे आधी पक्कं करा. डॉर्ट म्हणतं, खरा विश्वासणारा टिकेल. घोषणेचा सैल अर्थ असा घेतला जातो, की सभेत एकदा हात वर केला, आता कसंही जगा. या सगळ्यात मला सर्वांत पोकळ वाटतं ते हेच.

निवडताना स्वतःचा स्वभाव बघा. प्रत्येक चुकीनंतर ‘मी अजून प्रभूचा आहे ना?’ म्हणून रात्र काढणाऱ्याला रोम 8:38-39 (देवाच्या प्रीतीपासून आपल्याला काहीही वेगळं करू शकत नाही) आणि डॉर्टचा पाचवा अध्याय औषधासारखा लागेल. तिथेही शंका शिरतेच: माझा विश्वास खरा होता कशावरून? तेव्हा स्वतःच्या आत खणत बसण्यापेक्षा लूथरनांसारखं बाप्तिस्म्याकडे आणि प्रभुभोजनाकडे बघणं हलकं पडतं. याउलट जो वर्षानुवर्षं वाईट व्यवहार चालू ठेवून ‘माझं तारण पक्कं’ म्हणतो, त्याला वेस्ली वाचायला द्या. माझा कल डॉर्टकडे आहे, पण इब्री पत्राच्या लेखकाचा इशारा उपदेशातून वगळणाऱ्या डॉर्टवाल्यांकडे नाही.

आपल्याकडे पाटी बघून मंडळीचं मत ओळखता येत नाही. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं तेव्हा प्रेस्बिटेरियन, अँग्लिकन, बॅप्टिस्ट आणि ब्रिटिश परंपरेचे मेथडिस्ट एकाच छपराखाली आले; एकाच बाकावर दोन्ही मतं बसलेली सापडतील. म्हणून पाळकसाहेबांना सिद्धांत विचारू नका. विचारा, विश्वास सोडून गेलेल्या माणसाच्या घरी तुम्ही गेलात तर त्याला काय सांगाल, आणि त्याच्या आईला काय सांगाल?