चौथीनंतर कुठली शाळा? पालिकेची, अनुदानित की खासगी

मुलीची चौथी संपत आली तेव्हा दोन महिने आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. तिची शाळा घराजवळची, छोटी आणि चौथीपर्यंतचीच. कायद्याच्या हिशेबात पहिली ते पाचवी प्राथमिक आणि सहावी ते आठवी उच्च प्राथमिक. पण मुंबईतल्या अनेक जुन्या संस्थांची घडी अजून पहिली ते चौथी आणि पाचवी ते दहावी अशीच आहे. त्यामुळे शाळा बदलायची तर पाचवीला बदलावी. आठवीवर ढकललं तर नवी शाळा, नव्या मैत्रिणी आणि अवघड झालेलं गणित हे सगळं मुलीच्या अंगावर एकाच वर्षी येतं.

आम्ही दोघांनी तेव्हा भांडुपपासून मुलुंड-घाटकोपरपर्यंत नऊ शाळांच्या पायऱ्या चढल्या. पालिकेच्या तीन, अनुदानित चार, खासगी दोन. आता मुलगी आठवीत आहे. इमारतीतल्या आया दर मार्चला मला तेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदा नीट लिहून काढते.

आधी एक गोष्ट, कारण यावरून पालक फार फसतात. शिक्षण हक्क कायद्याखालचा २५ टक्क्यांचा मोफत प्रवेश फक्त शाळेच्या सुरुवातीच्या वर्गाला असतो, म्हणजे पूर्वप्राथमिकला किंवा पहिलीला. पाचवीला त्या कोट्यातून खासगी शाळेत जाता येत नाही. कुणी 'पाचवीला करून देतो' म्हणून पैसे मागितले तर सरळ नाही म्हणा. आणि ज्यांचं मूल आधीच या कोट्यातून शिकतंय त्यांनी ध्यानात ठेवावं की हा कायदा वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत, म्हणजे आठवीपर्यंतच्या शिक्षणाचा आहे. नववीपासून त्याच शाळेची पूर्ण फी भरावी लागू शकते. त्याची तयारी सहावीतच करायला हवी.

पालिकेची शाळा

पालिकेच्या शाळेबद्दल बोलताना आपल्याकडे लोक आधी नाक मुरडतात आणि मग शाळा बघायला जातच नाहीत. आम्ही गेलो. तीनपैकी एका शाळेत सातवीला गणित शिकवणाऱ्या बाई अपूर्णांकांची बेरीज कागदाच्या पट्ट्या कापून समजावत होत्या, आणि मागच्या बाकावरची मुलंही पट्ट्या मोजत होती. दुसऱ्या शाळेत दोन वर्ग एकत्र बसवले होते, कारण एक शिक्षक निवडणुकीच्या कामावर गेले होते. दोन्ही शाळा एकाच महापालिकेच्या. म्हणून 'पालिकेची शाळा कशी असते' या प्रश्नाला एकच उत्तर नाही. ज्या शाळेत घालायचं ती स्वतः पाहावी लागते.

खर्चाच्या बाबतीत मात्र शंका नाही. फी शून्य. गणवेश, दप्तर, वह्या, बूट, रेनकोट धरून २७ शालेय वस्तू पालिका देते. पुस्तकं मोफत, आठवीपर्यंत दुपारचं जेवण मोफत. मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमिळ, तेलुगू, कन्नड अशी आठ माध्यमं एकाच महापालिकेत आहेत. शिक्षक पात्रता पूर्ण करून, निवड होऊन आलेले असतात आणि त्यांचा पगार नियमित असतो. शिकवण्याच्या दर्जाशी याचा फार जवळचा संबंध आहे, ते खासगी शाळांच्या वेळी सांगते.

अडचण पुढच्या वर्गांची. पालिकेच्या अनेक शाळा सातवी-आठवीला संपतात आणि माध्यमिक शाळा त्या मानाने फार कमी आहेत. पाचवीला प्रवेश घेताना मुख्याध्यापकांना पहिला प्रश्न हाच विचारा: 'इथली मुलं आठवी-नववीला कुठे जातात?' उत्तरात जवळच्या माध्यमिक शाळेचं नाव आलं आणि तिथे मुलं खरंच सामावून घेतली जातात असं दिसलं, तर निम्मी काळजी मिटली. उत्तर गुळमुळीत आलं तर सावध व्हा. शाळा सुटते ती बहुतेक वेळा या वळणावर, आणि त्यातही मुलींची.

पालिकेच्याच छत्राखाली आणखी दोन प्रकार आहेत. 'मुंबई पब्लिक स्कूल' नावाने २०२०-२१पासून इतर मंडळांच्या शाळा सुरू झाल्या, पहिल्यांदा जोगेश्वरीच्या पूनम नगरात सीबीएसई आणि माहीमच्या वुलन मिल शाळेत आयसीएसई. अर्ज जागांपेक्षा जास्त आले की सोडत निघते. मधल्या वर्गात जागा रिकामी झाली तरच आत जाता येतं. दुसरा प्रकार भागीदारीतल्या शाळांचा. इमारत पालिकेची, शिकवणं संस्थेचं, मुलांना फी नाही. अमेरिकेत ज्यांना चार्टर शाळा म्हणतात त्यांच्या जवळ जाणारी ही आपल्याकडची रचना. 'आकांक्षा' ही संस्था २००७पासून अशा शाळा चालवते, सुरुवात पुण्यात झाली आणि मग मुंबई-नागपुरात. अशा शाळेत पालकांकडूनही वेळेची अपेक्षा असते. सभेला या, मुलाची वही पाहा, हजेरी सांभाळा असा त्यांचा आग्रह असतो. बारा तासांची पाळी करणाऱ्या आईला ते अवघड जातं, पण ज्यांना जमतं त्यांनी घराजवळ अशी शाळा असेल तर पाचवी-सहावीच्या रिकाम्या जागेसाठी नाव नोंदवून ठेवावंच.

अनुदानित शाळा

माझा कल इकडे आहे, ते लपवत नाही. मुलगी अशाच शाळेत आहे.

अनुदानित म्हणजे संस्था खासगी, पण शिक्षकांचा पगार राज्य सरकार देतं. दादरचं १९४०चं बालमोहन किंवा पार्ल्याचं १९२१चं पार्ले टिळक अशा जुन्या संस्थांनी मुंबईतल्या मराठी मध्यमवर्गाच्या तीन-चार पिढ्या शिकवल्या. उपनगरांतल्या शेकडो कमी नावाच्या शाळाही याच पठडीतल्या. आठवीपर्यंत शिकवणी फी नसते. पुस्तकं सरकारी योजनेतून मिळतात आणि शालेय पोषण आहारही. संगणक, सहल, स्नेहसंमेलन, इमारत निधी अशा नावांनी काही रक्कम मागितली जाते. ती पावती घेऊनच द्या.

पाचवी ते दहावी एकाच आवारात होते, हा मोठा फायदा. सहावीच्या मुलीला दहावीच्या ताया दिसतात, त्यांच्या प्रयोगवह्या दिसतात. विषयवार शिक्षक असतात. सहावी ते आठवीला विज्ञान-गणित, भाषा आणि सामाजिक शास्त्रं यांसाठी वेगळे शिक्षक हवेत आणि ३५ मुलांमागे एक शिक्षक हवा, असं कायदाच सांगतो. माध्यमिक शाळेत विज्ञानाचे पदवीधर आधीपासून असल्यामुळे ही अट तिथे सहज पाळली जाते.

सेमी-इंग्रजी ही या शाळांची खरी ताकद. गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी सगळं मराठीतून. आमच्या मुलीला 'फोटोसिंथेसिस' हा शब्द पाचवीत अडला, तेव्हा तिच्या बाईंनी फळ्यावर शेजारी 'प्रकाशसंश्लेषण' लिहिलं आणि कुंडीतल्या तुळशीचं एक पान आठवडाभर काळ्या कागदात गुंडाळून ठेवलं. पान पिवळं पडलं. ती घरी येऊन मला दोन्ही भाषांत सांगत होती. इंग्रजी शाळेत घातलेला माझा भाचा त्या वयात व्याख्या न अडखळता म्हणायचा, पण 'म्हणजे काय रे?' विचारलं की गप्प व्हायचा.

पैशाच्या दृष्टीने एक गोष्ट कुणी सांगत नाही. आठवीत एनएमएमएस नावाची शिष्यवृत्ती परीक्षा असते. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल आणि मूल सरकारी, पालिकेच्या किंवा अनुदानित शाळेत असेल तरच बसता येतं. निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. विनाअनुदानित शाळेतलं मूल कितीही हुशार आणि घर कितीही गरीब असलं तरी त्याला ही दारं बंद.

आता दुखरी बाजू. मराठी शाळांचा पट घसरतोय. पट घसरला की संचमान्यतेत, म्हणजे मुलांच्या संख्येवरून सरकार शिक्षकांची पदं ठरवतं त्यात, पदं कमी होतात, शिक्षक अतिरिक्त ठरून दुसरीकडे पाठवले जातात, आणि निवृत्त झालेल्या बाईंची जागा वर्षानुवर्षं भरली जात नाही. त्या जागी तासिकेवर कुणीतरी येतं. म्हणून संस्थेचं नाव ऐकून भारावू नका. पाचवीच्या किती तुकड्या उरल्या आणि पाच वर्षांपूर्वी किती होत्या ते विचारा. चारच्या दोन झाल्या असतील तर घाबरायचं कारण नाही. एकच उरली असेल आणि तीही निम्मी रिकामी असेल, तर दहावीपर्यंत ती टिकेल का हे मुख्याध्यापकांना तोंडावर विचारा. आम्ही विचारलं होतं. एका शाळेतल्या बाईंनी खरं सांगितलं, 'मी खात्री देऊ शकत नाही.' त्यांचे मी आजही आभार मानते.

खासगी विनाअनुदानित शाळा

इथे इमारत, बस, क्रीडांगण, स्मार्ट बोर्ड सगळं दिसतं. चांगल्या शाळांत ते खरंच कामाला येतं. मूल एखाद्या खेळात किंवा वाद्यात पुढे असेल, किंवा शिकण्याची अडचण असून विशेष शिक्षक लागत असेल, तर तशी सोय असलेली खासगी शाळा निवडावी. त्यात चूक नाही.

पण हिशेब सहा वर्षांचा करा. समजा आज फी वर्षाला ८०,००० आहे आणि दर दोन वर्षांनी १५ टक्के वाढते. पाचवी-सहावीचे १,६०,०००, सातवी-आठवीचे १,८४,०००, नववी-दहावीचे २,११,६००. एकूण ५,५५,६००. यात बस, गणवेश, पुस्तकं, सहली नाहीत. क्लासही नाही, आणि तिथल्याही मुलांना सातवीपासून क्लास लागतोच. हे आकडे वहीत मांडल्यावर नवऱ्याने पेन खाली ठेवलं आणि आम्ही तो विषय थांबवला.

महाराष्ट्रात शुल्क नियमनाचा २०११चा कायदा आहे. पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे फी ठेवावी लागते आणि ठरलेली फी दोन वर्षं बांधील असते. प्रवेश घेण्याआधी त्या समितीत कोण पालक आहेत ते विचारा. नावं सांगता आली नाहीत तर समिती कागदावरच आहे.

शिक्षकांबद्दलही विचारा. सहावीला गणित कोण शिकवतं आणि गेल्या वर्षी कोण शिकवत होतं? दोन्ही नावं वेगळी आली तर त्याआधीच्या वर्षाचंही विचारा. कमी पगारावर घेतलेले तरुण शिक्षक वर्षभरात दुसरी नोकरी पकडतात. भाच्याला सहावी ते आठवीत गणिताच्या चार मॅडम झाल्या. सगळ्या चांगल्या होत्या, पण प्रत्येकीने पुस्तक जिथून धरलं तिथून तिने पुढे नेलं. बीजगणिताचा पाया कुणीच घातला नाही.

शाळा नवी असेल तर मान्यतेचा कागद आणि अकरा अंकी यू-डायस क्रमांक, म्हणजे शाळेचा सरकारी ओळख क्रमांक, मागा. तो क्रमांक टाकला की केंद्र सरकारच्या संकेतस्थळावर शाळेतली मुलं, शिक्षक, खोल्या यांची माहिती दिसते. पालिकेचा शिक्षण विभाग अनधिकृत शाळांची यादीही काढतो. मंडळाची पाटी गेटवर लावणं सोपं असतं, मान्यता मिळवणं नाही.

वह्या

नऊ शाळा फिरल्यावर माझ्या हाती एकच खात्रीचं साधन लागलं. शाळा सुटायच्या वेळी गेटबाहेर उभं राहायचं आणि ओळखीच्या कुणाच्या तरी सहावी-सातवीतल्या मुलाला विज्ञानाची वही मागायची. एका महागड्या शाळेच्या वहीत सगळी उत्तरं छापील, चिकटवलेली होती आणि प्रत्येक पानावर फक्त एक बरोबरची खूण. एका अनुदानित शाळेच्या वहीत मुलाने काढलेली वाकडीतिकडी आकृती होती, त्यावर लाल पेनाने 'बाण उलटा आहे, पुन्हा काढ' असं लिहिलेलं, आणि खाली पुन्हा काढलेली आकृती. कुणीतरी बसून ते पान पाहिलं होतं.

प्रयोगशाळा दाखवा म्हणा. किल्ली शोधायला शिपायाला वेळ लागला तर तिथे वर्ग किती वेळा येतो ते समजलं.

पाचवी आणि आठवीला २०२३-२४पासून राज्य मंडळाच्या शाळांत वार्षिक परीक्षा पुन्हा आली आहे. नापास झालेल्या मुलाला आधी पुरवणी परीक्षा, आणि तीही गेली तर त्याच वर्गात बसावं लागतं. तेव्हा कच्च्या मुलांसाठी शाळा काय करते हेही विचारा. आमच्या शाळेत आठवड्यातून तीन दिवस मधल्या सुट्टीआधी जादा तास असतो, फी न घेता.

माझा सल्ला

घरखर्च काठावर असेल आणि जवळच्या पालिका शाळेचा रस्ता दहावीपर्यंत जात असेल, तर पालिकेची शाळा घ्या आणि फीचे वाचलेले पैसे मुलाच्या पुढच्या शिक्षणासाठी दरमहा बाजूला टाका. चालत जाण्याच्या अंतरावर दोन तरी तुकड्यांची अनुदानित सेमी-इंग्रजी शाळा असेल, तर बहुतेक घरांना मी तीच सुचवेन. खासगी शाळा त्यांनी घ्यावी ज्यांना सहा वर्षांचा आकडा कर्ज न काढता झेपतो आणि ज्यांनी शिक्षकांची नावं विचारून घेतली आहेत.

निर्णय झाला की दाखला. पालिकेच्या किंवा अनुदानित शाळेत बदली मागण्याचा हक्क शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ मध्ये आहे. जुन्या शाळेने दाखला ताबडतोब द्यायचा असतो, आणि दाखल्याला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. आमच्या शेजारणीला एका शाळेने थकलेल्या फीसाठी दाखला अडवून जूनभर खेटे घालायला लावले. तिला हे कलम माहीत नव्हतं. जुलैत तिने ते लिहून अर्ज दिला, आणि त्याच आठवड्यात तिचा मुलगा नव्या शाळेच्या बाकावर बसला.