दाब दाखवणारी फिल्म : पाचपैकी चार

अतिवाहक चुंबकातली निओबियम-टिनची कॉइल म्हणजे नखरेल पाहुणी. 650 अंशांच्या आसपास भट्टीतून निघाली की ठिसूळ. कमी आवळली तर करंट चढताना तारा सरकतात आणि क्वेंच होतो, म्हणजे अतिवाहकता अचानक जाते. फार आवळली, साधारण 150 मेगापास्कलच्या पुढे, तर कायमची जायची भीती. म्हणून जोडणीच्या सरावासाठी ही 50 ते 130 मेगापास्कलवाली, दाब पडेल तिथे लाल होणारी फिल्म मागवली.

फिल्मचा एकच पातळ पत्रा कॉइल आणि तिला दाबणाऱ्या पॅडच्या मध्ये घातला, ब्लॅडरमध्ये (पाण्याने फुगणाऱ्या पातळ पिशवीत) पाणी भरून फट उघडली, त्या फटीत की (दाब धरून ठेवणाऱ्या पट्ट्या) सरकवल्या. बाहेर काढलं तर पोलाजवळ (कॉइलच्या मधल्या गाभ्याशी) गडद लाल पट्टा आणि मिडप्लेनला (दोन कॉइल जुळतात त्या बाजूला) जवळजवळ कोरं! आमचं मॉडेल तिथे एकसारखा दाब दाखवत होतं. शिम (फट भरायच्या पातळ पट्ट्या) बदलल्यावर चित्र सुधारलं. एवढ्यातच पैसे वसूल.

आता तक्रारी. एकदाच वापरता येते. वक्र भागावर सुरकुती पडली की खोटा डाग उमटतो. थंड करताना ॲल्युमिनियमचं कवच आकसून दाब वाढवतं, तो हिला कळत नाही. तिथे ताण मोजणारे स्ट्रेन गेजच हवेत. आणि फिल्मची साधारण 0.1 मिलिमीटर जाडी शिमच्या हिशोबात धरा. पहिल्या वेळी मी विसरलो होतो.