गावची स्वतःची नळयोजना की प्रादेशिक योजना?

ग्रामसभेत ठराव व्हायचा आहे आणि गावात दोन मतं आहेत: विहीर, मोटार, टाकी ग्रामपंचायतीकडेच ठेवायची, की धरणावरच्या, अनेक गावांच्या एकत्र प्रादेशिक योजनेला गाव जोडायचं?

आधी पाणी तपासून घ्या. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीखालचं पाणीच खारट असलेल्या भागात, हा वादच उरत नाही. दुसरा स्रोत नसला तरी क्षारांची शेवटची मर्यादा लिटरला २००० मिलिग्रॅम. त्यापुढे वान धरणावरची ८४ खेडी योजना किंवा शहानूर धरणावरची योजना हाच आधार. यवतमाळ-चंद्रपूरकडे फ्लोराइड दीड मिलिग्रॅमच्या वर असेल तिथेही तेच.

विहिरीचं पाणी गोड असेल तर मात्र थांबून विचार करा. दोन हजार वस्तीला माणशी ५५ लिटर धरून रोज १,१०,००० लिटर लागतं. तासाला २०,००० लिटर उपसणारी मोटार साडेपाच तास चालली की भागतं. अडतं ते विजेपाशी. जोडणी कृषी फिडरवर, म्हणजे शेतीपंपांच्या वीजवाहिनीवर, असली तर थ्री फेज पुष्कळदा रात्रीच मिळते, आणि एक फेज गेली की मोटार जळते. म्हणून जोडणी गावातल्या घरांच्या गावठाण फिडरवर मागा, स्टार्टरला एक फेज गेली की मोटार बंद करणारा सिंगल फेज प्रिव्हेंटर बसवा, एक जादा मोटार वाइंडिंग भरून तयार ठेवा.

टीसीएल, म्हणजे पाणी निर्जंतुक करायची ब्लीचिंग पावडर, हेही आपल्यालाच पाहावं लागतं. हजार लिटरला ५ ग्रॅम, म्हणजे रोज ५५० ग्रॅम. बादलीत कालवायचं, चुना खाली बसू द्यायचा, वरची निवळी टाकीत ओतायची आणि अर्ध्या तासाने पाणी सोडायचं. पोत्याचं तोंड उघडं राहिलं तर क्लोरीन उडून जातो आणि उरतो तो नुसता चुना. शेवटच्या नळाला ओटी तपासणीत (पाण्यात क्लोरीन उरलाय का ते दाखवणाऱ्या) पिवळी छटा आली नाही, तर आधी पोतं बघा.

प्रादेशिक योजनेत या कटकटी नाहीत. शुद्धीकरण केंद्र, माणसं, तपासणी सगळं तिकडे. तरीही आमचं मन तिकडे वळत नाही, ते एका गोष्टीमुळे: थकबाकी. वीजबिल साऱ्या योजनेचं एकत्र येतं. दहा गावांनी पाणीपट्टी थकवली आणि पंपाची वीज तुटली, तर वेळेवर भरणाऱ्या गावाचे गुंड-हंडेही रिकामेच. सरपंचाने पावती कुणाला दाखवायची? त्यात गाव जलवाहिनीच्या टोकाला असेल तर वरच्या गावांत नळातून पाणी ओढणारे छोटे टिल्लू पंप लागतात आणि पाणी आठ-आठ दिवसांवर जातं. रिकामी पडलेली वाहिनी फुटक्या जोडातून नालीचं पाणी ओढून घेते. पावसाळ्यातला गॅस्ट्रो बहुधा तिथूनच येतो.

स्वतःच्या योजनेतही थकबाकी असतेच, पण कुणाचं घर थकलंय हे गावाला ठाऊक असतं, आणि पाणीपट्टीचं खातं वेगळं ठेवलं तर मोटारीचा पैसा रस्त्यात जात नाही.

जोडून घ्यायचंच ठरलं तर ठरावात दोन ओळी घाला: गावाच्या वेशीवर मीटर बसवायचा, आणि जुनी विहीर-मोटार मोडीत न काढता दर पंधरवड्याला तासभर चालवायची.